हरणारा संघ आणि माजी खेळाडू

भाताची कापणी उरकली, खळ्यावरचे काम संपले आणि थंडीचे दिवस सुरू झाले, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गावोगावी कबड्डीचे सामने रंगू लागतात. शहापुराहून मुरबाडकडे निघालेल्या माणसास भातसा नदीच्या काठी जे सापगाव लागते, ते अशाच गावांपैकी एक होय. अशा गावी सामना पाहावयास गेलेल्या मनुष्याने नुसते मैदानाकडे न पाहता मैदानाच्या कडेला बसलेल्या मंडळींकडेही थोडे लक्ष द्यावे. तेथे पन्नाशी-साठी उलटलेले चार-सहा गृहस्थ हटकून आढळतात. एके काळी निदानरेषा ओलांडून, दोन गड्यांना मारून, दम न सोडता परत येणारे हे वीर आज गुडघ्यावर हात ठेवून बसलेले असतात. गावचा संघ जिंकत असला तर ही मंडळी फारसे बोलत नाहीत; मान डोलावतात, इतकेच. संघ हरू लागला, दुसरा लोण चढला, म्हणजे मात्र त्यांची जीभ सैल सुटते. "आमच्या वेळी असा कोपऱ्यात कुणी उभा राहिला असता का?" "ह्याला पकड म्हणायची की मिठी?" हे उद्गार मैदानातल्या पोरांच्या कानांवर पडतात, आणि पोरे ती न ऐकल्यासारखी करून खेळत राहतात.

श्रोतेहो, हे दृश्य केवळ एका गावचे नव्हे. कॉलेजचा संघ घ्या, जिल्ह्याचा घ्या, प्रांताचा घ्या, अथवा देशाचा घ्या. संघास पडता काळ आला की पूर्वी त्याच संघातून खेळलेले लोक पुढे होतात आणि चार लोकांदेखत त्याचे दोष सांगू लागतात. कोणी म्हणतो, हा त्यांचा अधिकार आहे. कोणी म्हणतो, हा कृतघ्नपणा आहे. यांपैकी कोणते म्हणणे खरे, याचा विचार करावयाचा तर हवेतील तत्त्वांपेक्षा घडलेल्या गोष्टी अधिक उपयोगी पडतील. सुदैवाने, अथवा दुर्दैवाने म्हणा, मराठी माणसाच्या अगदी जवळच्या अशा एका संघाच्या इतिहासात त्या भरपूर आहेत. तो संघ म्हणजे मुंबईचा क्रिकेट संघ.

१९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. पंधरा वर्षे म्हणजे एक पिढी. या काळात जन्मलेल्या मुलाला करंडक दुसऱ्या कुणाकडे असू शकतो हे ठाऊकच नव्हते. १९७४ साली कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईस अडविले आणि ही परंपरा तुटली. त्याच वर्षी जून-जुलैत अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला आणि तिन्ही कसोटी सामने हरून परत आला. लॉर्ड्‌सच्या मैदानावर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताचा पहिला डाव ३०२ वर संपला. आणि २४ जून रोजी दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. सतरा षटकांत सारा खेळ खलास. एक डाव आणि २८५ धावा एवढ्या फरकाने तो पराभव झाला.

याच वाडेकरांनी तीन वर्षांपूर्वी, १९७१ साली, वेस्ट इंडिजमध्ये आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये भारतास पहिलेवहिले मालिकाविजय मिळवून दिले होते. त्या वेळी मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, त्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. इंदुरास त्या विजयाप्रीत्यर्थ एक प्रचंड बॅट उभारण्यात आली व तीवर खेळाडूंची नावे कोरण्यात आली. १९७४ साली ती बॅट विद्रूप करण्यात आली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड फेकले गेले. पुढे त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. ज्या हातांनी हार घातले, त्याच हातांनी दगड उचलावे आणि या दोन्ही कृत्यांमध्ये तीन वर्षांचेच अंतर असावे, हा मनुष्यस्वभावाचा एक नमुनाच म्हटला पाहिजे.

दगड मारणारे सामान्य प्रेक्षक होते. त्यांचा विषय येथे नाही. पण दगड हा एकाएकी हवेतून येत नाही. आधी शब्द येतो. संघात धमक नाही, शिस्त नाही, लाज नाही, असे ज्यांना खेळातले कळते त्यांनी उघडपणे म्हटले, की ज्यांना कळत नाही त्यांच्या रागास आधार मिळतो. माजी खेळाडूच्या शब्दाला वजन असते ते याच कारणाने, आणि त्याची जबाबदारीही याच कारणाने अधिक. कट्ट्यावरच्या माणसाने कप्तानास गाढव म्हटले तर त्याचा अर्थ इतकाच होतो, की या गृहस्थास राग आला आहे. तेच माजी कप्तानाने म्हटले तर तो निकाल ठरतो.

तथापि, म्हणून माजी खेळाडूने तोंडास कुलूप घालावे काय? तसे मुळीच नाही. किंबहुना, पुष्कळ वेळा खरे बोलू शकणारा तोच एकटा असतो. मैदानावर असणाऱ्या खेळाडूचे तोंड बांधलेले असते, हे विसरता कामा नये. खडकीच्या धनराज पिल्ले याचे उदाहरण पाहा. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. बत्तीस वर्षांनी ते यश आले होते. खेळाडूंना मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनाविषयी तो उघड बोलला. आणि पदकाचा आनंद ओसरण्यापूर्वीच तो व त्याचे काही सहकारी संघाबाहेर गेलेले दिसले. खेळणारा बोलला तर त्याची ही गत! संघटनेचा पदाधिकारी बोलावयाचा नाही, कारण दोष बहुधा त्याच्याच कारभाराचा असतो. वार्ताहर बोलेल, पण तो खेळलेला नसतो. मग उरतो तो माजी खेळाडू. त्याला संघात जागा मिळवावयाची नाही, आणि आतले सारे त्याला ठाऊक आहे. २००८ साली भारताचा हॉकी संघ चिलीमधील सांतियागो येथे ब्रिटनकडून हरला आणि ऐंशी वर्षांत प्रथमच ऑलिंपिकला मुकला. अशा वेळी जुन्या खेळाडूंनी मौन पाळले असते, तर ते सभ्यपणाचे न ठरता भित्रेपणाचे ठरले असते.

तेव्हा टीका करावी की न करावी, हा प्रश्नच नव्हे. कशावर करावी, कोणाच्या तोंडावर करावी, आणि केल्यानंतर पुढे काय करावे, हे खरे प्रश्न होत.

यांपैकी पहिल्या प्रश्नाकडे वळू. हरणाऱ्या संघावर होणाऱ्या टीकेत एक ठराविक वाक्य असते : आजच्या मुलांत आमच्यासारखी जिद्द राहिली नाही. मुंबईपुरते बोलावयाचे तर यास 'खडूसपणा' असा खास शब्द आहे. हातचा सामना न सोडणे, विकेट फुकट न देणे, प्रतिपक्षाला एक धावसुद्धा घामाशिवाय न मिळू देणे, हा तो खडूसपणा. २०१५-१६ साली एकेचाळिसाव्यांदा करंडक जिंकल्यानंतर मुंबईला उतरती कळा लागली, तेव्हा 'मुंबईचा खडूसपणा हरवला' हे वाक्य इतक्या मुखांतून इतक्या वेळा निघाले, की त्यातला अर्थ झिजून गेला.

त्या काळात घडले ते असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईने आपला पाचशेवा रणजी सामना वानखेडे मैदानावर बडोद्याविरुद्ध खेळला. इतके सामने दुसऱ्या कोणत्याही संघाने खेळलेले नव्हते. या उत्सवाच्या सामन्यात मुंबईचा पहिला डाव १७१ धावांत गडगडला. बडोद्याने ९ बाद ५७५ धावा केल्या. पराभव समोर उभा असता सिद्धेश लाड हा तरुण २३८ चेंडू खेळून ७१ धावांवर नाबाद राहिला आणि सामना अनिर्णित सुटला. त्याच मोसमात डिसेंबरात नागपुरास उपांत्यपूर्व सामन्यात कर्नाटकाने मुंबईचा एक डाव आणि वीस धावांनी फडशा पाडला. पुढील दोन मोसमांत, म्हणजे २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये, मुंबईस बाद फेरीही गाठता आली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तर वानखेडेवरच रेल्वेच्या संघाने दहा गडी राखून मुंबईस हरविले.

आता येथे क्षणभर थांबून विचार करावा. २३८ चेंडू पाय रोवून उभे राहणारा खेळाडू ज्या संघात आहे, त्या संघात जिद्दच उरली नाही, असे म्हणता येईल काय? जिद्द होती, उणीव दुसरीकडे होती. एक तर ज्या काळात मुंबई सलग पंधरा वर्षे जिंकली त्या काळात क्रिकेटची विद्या दोन-चार शहरांतच कोंडलेली होती. पुढे ती गावोगावी गेली. विदर्भ, सौराष्ट्र, गुजरात यांसारख्या संघांनी मैदाने बांधली, शिक्षक आणले, मुले हेरली. २०१८-१९ साली तर रणजी स्पर्धेत सदतीस संघ खेळले. मुंबई खाली आली यापेक्षा इतर वर आले, हे म्हणणे अधिक खरे. दुसरे असे की, मुंबईचे उत्तम खेळाडू देशाच्या संघात गेले म्हणजे प्रांताच्या संघास ते क्वचितच लाभू लागले. आणि तिसरे म्हणजे, खेळणारा मुलगा आता दादर-माटुंग्याला राहत नाही. तो विरारला, डोंबिवलीला, पालघरला राहतो. पाठीवर खेळाच्या सामानाचा बोजा घेऊन पहाटेच्या गाडीच्या गर्दीत उभा राहणाऱ्या मुलाचा निम्मा दम मैदान गाठण्यापूर्वीच खर्च होतो. शिवाजी पार्कला चालत जाणाऱ्या पिढीने या गोष्टीचा हिशेब 'जिद्दी'च्या खात्यावर मांडावा, हे न्यायाचे नव्हे.

माजी खेळाडूच्या स्मरणशक्तीचा एक चमत्कारिक गुण आहे. तिला आपली शतके स्पष्ट आठवतात, आपली शून्ये मात्र धूसर होतात. १९७४ च्या ४२ धावांना नावे ठेवणाऱ्या जुन्या माणसाने १९५२ साल आठवावे. सांगलीचे विजय हजारे हे त्या वर्षी कप्तान होते. लीड्‌सला दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी परतले होते, आणि मँचेस्टरला एकाच दिवशी भारताचे दोन्ही डाव, एक ५८ वर आणि दुसरा ८२ वर, संपले होते. हजाऱ्यांसारखा धीराचा आणि घोटीव तंत्राचा फलंदाज ज्या संघाचा नायक होता, त्या संघाची ही अवस्था. मग जिद्द त्याही पिढीत नव्हती काय? होती. पण ट्रूमनचा वेग होता, ओली हवा होती, आणि तशा गोलंदाजीची सवय नव्हती. 'आमच्या वेळी' या शब्दांनी ज्याला बोलणे सुरू करावयाचे असेल, त्याने आपल्या वेळचे सारेच सांगावे. निवडक सांगू नये.

आता दुसरा प्रश्न : टीका कोणाच्या तोंडावर करावी? दादर युनियन हा मुंबईतील एक जुना क्लब. माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर अशी माणसे त्या क्लबातून खेळली. तेथील शिस्त प्रसिद्ध होती. कसोटी खेळून आलेल्या खेळाडूलाही वडीलधारी मंडळी मैदानावर खडसावीत, आणि तो मान खाली घालून ऐकून घेई. गावस्करांनी आपल्या आठवणीत लहानपणीची एक गोष्ट लिहिली आहे. माधव मंत्री हे त्यांचे मामा. मामांकडचे भारतीय संघाचे स्वेटर पाहून भाच्याने त्यांतील एक मागितला. मामांनी तो दिला नाही. हा घाम गाळून मिळवावा लागतो, असे सांगितले. आता ही टीका नव्हे तर काय? पण ती घरात झाली, वेळेवर झाली, आणि ज्याच्या भल्यासाठी होती त्याच्याच कानात पडली. तिच्यातून भारतास एक सलामीचा फलंदाज मिळाला.

रमाकांत आचरेकर यांची गोष्ट याहून पुढची. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकरने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही 'छान खेळलास' म्हणून म्हटले नाही. शिष्य सुस्त होऊ नये, हा त्यातला हेतू. परंतु हेच आचरेकर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. कौतुकाचा शब्द ते राखून ठेवीत. आपले श्रम मात्र त्यांनी कधी राखून ठेवले नाहीत. अशा मनुष्याची कठोरता शिष्यास बोचत नाही. उलट जो मनुष्य वर्षभर मैदानाकडे फिरकत नाही आणि पराभवाच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याचे मत छापून येते, त्याचे चार सौम्य शब्दही जिव्हारी लागतात.

हा फरक एका अलीकडच्या प्रसंगाने फार स्पष्ट झाला. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुंबई व तामिळनाडू यांचा उपांत्य सामना झाला. तामिळनाडूचे शिक्षक होते सुलक्षण कुलकर्णी. ते मुंबईचेच जुने यष्टिरक्षक; २०१२-१३ साली मुंबईने करंडक जिंकला तेव्हा मुंबईचे शिक्षकही तेच होते. तामिळनाडूचा तरुण कप्तान साई किशोर याने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. संघ १४६ धावांत बाद झाला आणि अखेर एक डाव व सत्तर धावांनी हरला. सामन्यानंतर कुलकर्णींनी वार्ताहरांपुढे सांगितले की, पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजताच आपण हा सामना हरलो. आपले मत आधी गोलंदाजी घ्यावी असे होते, पण कप्तानाचा निर्णय अखेरचा. यावर तामिळनाडूचा ज्येष्ठ खेळाडू दिनेश कार्तिक याने उघड नापसंती दर्शविली. सात वर्षांनी संघाला उपांत्य फेरीत आणणाऱ्या कप्तानाच्या पाठीशी शिक्षकाने उभे राहावयास हवे होते, असे त्याचे म्हणणे होते.

कुलकर्णींना मुंबईची खेळपट्टी आणि मुंबईची सकाळ तळहाताप्रमाणे ठाऊक होती, यात शंका नाही. त्यांचे ज्ञान खरे होते. पण त्यांचा निकाल मात्र पूर्ण खरा नव्हता. कारण त्या १४६ धावांना उत्तर देताना मुंबईचेही सात गडी १०६ धावांत तंबूत परतले होते! सामना त्या क्षणी तामिळनाडूच्या हातात होता. त्यानंतर शेवटच्या तीन गड्यांनी २७२ धावा जोडल्या. पालघरच्या शार्दूल ठाकूरने १०९ धावा ठोकल्या, तनुष कोटियन ८९ धावांवर नाबाद राहिला, आणि मुंबई ३७८ पर्यंत पोचली. म्हणजे सामना पहिल्या सकाळी नऊ वाजता हरला गेला नाही. तो सात गडी बाद झाल्यानंतर हरला गेला. जाणत्या माणसाची उघड टीका नेहमी इथेच घसरते. पराभवाची दहा कारणे असतात. त्यांतील जे एक कारण त्याने आधीच सांगून ठेवलेले असते, तेवढेच त्याला दिसते. 'मी सांगितले होते' या तीन शब्दांत जे समाधान आहे, ते फार खोटे समाधान आहे. आणि त्याची किंमत एखाद्या तरुण कप्तानास मोजावी लागते.

आता तिसरा व शेवटचा प्रश्न : टीका केल्यानंतर पुढे काय? या बाबतीत ज्यांच्यावर दगड पडले त्या वाडेकरांचेच चरित्र पुन्हा पाहण्याजोगे आहे. त्यांना रुसून बसण्यास पुरेसे कारण होते. पण १९९२ साली ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. संघ तेव्हाही चाचपडत होता. १९९३ च्या प्रारंभी इंग्लंडचा संघ येथे आला, तेव्हा कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकी गोलंदाजांच्या बळावर भारताने तिन्ही कसोटी सामने जिंकले. १९७४ साली इंग्लंडमध्ये जसे ३-० हरले, तसेच ३-० त्यांच्या देखरेखीखाली संघाने परत केले. ज्याने स्वतः पराभवाची चव घेतली आहे, त्याने हरणाऱ्या मुलांजवळ जाऊन बसावे, हीच त्याची सर्वांत मोठी टीका आणि हेच त्याचे सर्वांत मोठे उत्तर.

सुधीर नाईक यांचेही तसेच. १९७०-७१ साली मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले असता उरलेल्या मुलांना घेऊन त्यांनी रणजी करंडक जिंकून दाखविला. पुढच्या आयुष्यात ते वानखेडेच्या खेळपट्टीची निगा राखीत होते आणि आपल्या क्लबात मुलांना शिकवीत होते. झहीर खान त्यांच्याच हाताखालून पुढे गेला.

चंद्रकांत पंडित यांची कहाणी आणखी निराळी. मुंबईने २०१५-१६ चा करंडक जिंकला तेव्हा शिक्षक तेच होते. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांचा मुंबईशी संबंध सुटला. ते विदर्भात गेले. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षे करंडक जिंकला. मग ते मध्य प्रदेशात गेले. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईलाच सहा गडी राखून हरविले व पहिला करंडक मिळविला. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर पंडित मध्य प्रदेशाचे कप्तान असताना अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी तो सल निघाला आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ज्या संघास शहाणपण सांगावयाचे, त्याने ते ऐकले नाही तर दुसरीकडे जाऊन ते खरे करून दाखवावे, इतका मार्ग तर प्रत्येकास मोकळा आहे.

अखेर मुंबईचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्या तरुणांत धमक नाही असे म्हटले जात होते, त्यांना सांभाळण्यास २०२१ साली अमोल मुजुमदार हा मुंबईचा माजी कप्तान शिक्षक म्हणून आला, आणि संघ पुढच्याच मोसमात अंतिम सामन्यापर्यंत गेला. देशासाठी एकही सामना खेळावयास न मिळालेल्या या खेळाडूने पुढे भारतीय महिलांच्या संघास शिकविले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. मुंबईने आपला बेचाळिसावा रणजी करंडक १४ मार्च २०२४ रोजी वानखेडेवर विदर्भास १६९ धावांनी हरवून जिंकला. कप्तान होता अजिंक्य रहाणे.

हा रहाणे ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीचा; गाडीच्या गर्दीतून मैदान गाठणाऱ्या पिढीतला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडिलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, १९७४ च्या ४२ हूनही खाली. त्या वेळी देशोदेशीच्या माजी खेळाडूंनी आता चारही सामने भारत हरणार, अशी भाकिते केली. कप्तान विराट कोहली घरी परतला आणि नेतृत्व रहाणेकडे आले. त्याने मेलबर्नला ११२ धावा केल्या व सामना जिंकला. १९ जानेवारी २०२१ रोजी, बरोबर एकतीस दिवसांनी, ब्रिस्बेनला मालिकाही जिंकली. छत्तीस धावांवर ज्यांनी निकाल दिला, त्यांच्यापैकी पुष्कळांना तो महिन्याच्या आत गिळावा लागला.

यावरून माजी खेळाडूने नेहमी गोड बोलावे, असा बोध कोणी घेऊ नये. गोड बोलणाऱ्यांनी जितके संघ बुडविले तितके कडू बोलणाऱ्यांनी बुडविले नसतील. निवडीत पक्षपात होत असेल, मैदाने विकली जात असतील, पोरांना उपाशीपोटी खेळावे लागत असेल, तर जुन्या खेळाडूने खुशाल गर्जना करावी. तेथे मौन हेच पाप. सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्यांना सुनवावयाचे ते चारचौघांत सुनवावे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची चूक सांगावयाची असेल, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून, बाजूला नेऊन सांगावी. वरच्यांना उघड आणि खालच्यांना एकांतात, हा साधा नियम आहे. दुर्दैवाने पुष्कळांच्या हातून तो नेमका उलटा पाळला जातो : पदाधिकाऱ्याशी कुजबूज आणि पोरांवर आरडाओरड.

सापगावसारख्या गावच्या मैदानाच्या कडेला बसलेल्या त्या मंडळींकडे पुन्हा वळू. त्यांची जीभ तिखट असते खरी. पण सामना संपल्यावर पाहावे. त्यांतला एखादा उठतो, धोतराचा सोगा अथवा विजारीची घडी सावरतो, हरलेल्या पोरांत जातो आणि धुळीत बसून घोटा कसा धरावा, अंगठा कोठे रोवावा, हे स्वतःच्या हाताने दाखवितो. त्या पोराने सारा वेळ ऐकून घेतलेले कडू बोल त्या एका क्षणात गोड होतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा मैदानावर येतो. शहरातल्या मोठ्या संघांचेही खरे दुखणे येथेच आहे. तेथे मैदानाच्या कडेपासून पोरापर्यंतचे ते वीस पावलांचे अंतर फार वाढले आहे. बोलणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे. मध्ये धुळीचा एक कणही नाही.

संघ हरतो तो एखादा सामना, एखादा मोसम. तो भरून निघतो. मुंबईचे आठ वर्षांनी निघाले. पण बोलण्याने दुखावून एखादा मुलगा मैदानावर येईनासा झाला, तर ती हानी कोणत्याही फलकावर लागत नाही आणि कोणत्याही विजयाने भरून येत नाही. जुन्या खेळाडूने तोंड उघडण्यापूर्वी एवढाच विचार करावा : आपले बोलणे ऐकून उद्या संध्याकाळी हा मुलगा मैदानावर येईल काय? येणार असेल तर वाटेल तितके कठोर बोलावे. येणार नसेल, तर आधी उठून त्याच्यापर्यंत चालत जावे, आणि मग बोलावे.